जेलिफिन: टीव्ही का अडकतोय ते स्वतः सांगणारा सर्व्हर

घरच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारे सर्व्हर बरेच आहेत आणि सुरळीत चालू असताना सगळेच चांगले वाटतात. त्यांची परीक्षा चित्र अडकल्यावर घ्यावी. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं आणि मागच्या खुर्चीतून 'काय झालं गं?' असा प्रश्न आला, की सर्व्हर काय उत्तर देतो? बहुतेक जण 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढं म्हणून हात झटकतात. जेलिफिन कारण सांगतो. कधी तुटक शब्दांत, कधी तांत्रिक भाषेत, पण सांगतो. मुख्यतः याच एका गुणामुळे तो आमच्या घरात टिकला आहे.

आमच्याकडे प्रेक्षक तीन तऱ्हांचे. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना सबटायटलं हवीतच. लेक जपानी ॲनिमेशन बघते, ज्यात सबटायटलं रंगीबेरंगी असतात आणि पडद्यावर कुठूनही कुठेही उगवतात. आणि मला जुन्या कॅमकॉर्डरच्या टेपांवरचं घरगुती चित्रीकरण टीव्हीवर बघायचं असतं. सर्व्हर म्हणून इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला एक छोटा पीसी लिनक्सवर चालतो. एका खोलीत टीव्हीमधलंच ॲप आहे, दुसऱ्या टीव्हीला अँड्रॉइड टीव्हीचा डबा लावलेला आहे. म्हणजे अडकायला जागा भरपूर.

जेलिफिनचं कूळ थोडक्यात. एम्बी नावाच्या मीडिया सर्व्हरचा कोड २०१८ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुला राहायचा थांबला, तेव्हा काही मंडळींनी ३.५.२ ही आवृत्ती उचलून वेगळी चूल मांडली. तेव्हापासून तो स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. फुकट म्हणजे खरोखर फुकट: व्हिडिओ बदलण्यासाठी ग्राफिक्स चिप वापरायची असेल तरी वर्गणी मागत नाही. कुठल्या कंपनीकडे खातं काढावं लागत नाही, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याच डिस्कवरचा आपलाच व्हिडिओ बघायला बाहेरच्या कुणाची परवानगी का लागावी?

जोडणी सोपी आहे. सर्व्हर ८०९६ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. टीव्हीच्या ॲपने तो आपोआप शोधणं अपेक्षित असतं, पण तसं झालं नाही तर वेळ घालवू नका, सरळ सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पोर्ट टाका. न सापडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टीव्ही राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असतो आणि त्या जाळ्यातली उपकरणं घरातल्या बाकीच्या उपकरणांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि 'सर्व्हर सापडत नाही' हे नाटक पुन्हा सुरू होतं. रिमोटने पासवर्ड टाइप करण्याची शिक्षाही टळते: क्विक कनेक्ट चालू केलं की टीव्हीवर सहा आकडी कोड येतो, तो फोनवर टाकला की झालं.

आता मुख्य गोष्ट. चित्र अडकलं की मी टीव्हीकडे जात नाही, फोनवर जेलिफिनचा डॅशबोर्ड उघडते. त्या क्षणी घरात जो कुणी काही बघत असेल त्याचा एक चौकोन तिथे दिसतो. त्यावरच्या माहितीच्या चिन्हाला हात लावला, की फाइल जशी आहे तशी जातेय की बदलून, हे कळतं. बदलून जात असेल तर का, हेही. ऑडिओ कोडेक (आवाज साठवायची पद्धत) चालत नाही. सबटायटलचा प्रकार चालत नाही. बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे. इंटरलेस्ड व्हिडिओ चालत नाही. यातली एक ओळ वाचली की निम्मी शोधाशोध संपते.

फाइल टीव्हीपर्यंत तीन-चार प्रकारे पोचू शकते. टीव्हीला सगळंच समजत असेल तर सर्व्हर फाइल उचलून नुसती देतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात सर्व्हरला जवळजवळ काहीच काम नसतं. आतला मजकूर ठीक, पण वेष्टन चालत नसेल, म्हणजे उदाहरणार्थ टीव्हीला एमकेव्ही नको असेल, तर वेष्टन तेवढं बदलतं. आवाज समजत नसेल तर आवाज बदलतो आणि चित्र तसंच जातं. हेही हलकं काम आहे. पण चित्रच बदलायची वेळ आली तर सर्व्हरला दुभाष्यासारखं काम करावं लागतं, तेही बोलणाऱ्याच्या वेगाने: प्रत्येक फ्रेम उलगडायची, पुन्हा बांधायची आणि बघणाऱ्याच्या पुढे राहायचं. गोल चक्र फिरतं ते बहुतेक वेळा इथे.

आवाजाचं उदाहरण घ्या. ब्लू-रे डिस्कवरून काढलेल्या पुष्कळ फाइलींत डीटीएस प्रकारचा आवाज असतो. त्यासाठी टीव्ही बनवणाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो आणि काही मोठ्या कंपन्यांनी २०१८ पासूनच्या काही मॉडेलांतून तो काढून टाकला. अशा टीव्हीला तीच फाइल पेनड्राइव्हवरून लावली तर चित्र दिसतं, आवाज गायब. आमच्या टीव्हीचं नेमकं हेच आहे, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत हे सांगणारी ओळ शोधायला भिंग लागतं. जेलिफिनमधून मात्र आवाज येतो, कारण तो वाटेतच डीटीएसचं एएसी किंवा डॉल्बी करून देतो. डॅशबोर्डवर कारण दिसतं, प्रोसेसरवर भार जाणवत नाही. इथे काही दुरुस्त करायची गरजच नाही, आणि हे कळणंही उपयोगी आहे. नाहीतर माणूस उगाच राउटर बदलतो.

सबटायटलांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण आमच्या घरातली बहुतेक भांडणं तिथली.

सबटायटलं दोन जातींची. एक मजकुराची, म्हणजे एसआरटी फाइल: वेळ आणि वाक्य, बस. दुसरी चित्रांची. ब्लू-रेमधली पीजीएस आणि डीव्हीडीमधली व्हॉबसब ही अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. काही ॲपना ती थेट दाखवता येतात, काहींना नाही. ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी सर्व्हर ती चित्रं व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमवर छापून पाठवतो. म्हणजे टीव्हीला व्हिडिओ उत्तम समजत असूनही केवळ खालच्या दोन ओळींसाठी अख्खा सिनेमा नव्याने बांधला जातो. 'सबटायटल लावलं की अडकतं, काढलं की छान चालतं' ही तक्रार ज्यांच्या घरात आहे त्यांनी वाय-फायला शिव्या देणं बंद करावं. फोर-के आणि एचडीआर (रंग-उजेडाचा पल्ला मोठा) असलेल्या फाइलीत तर रंगही साध्या पडद्यासाठी उतरवावे लागण्याची शक्यता असते, मग भार आणखी वाढतो.

उपाय दोन. वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये सबटायटल छापण्याबद्दल एक पर्याय आहे: आपोआप, फक्त चित्रांची, सगळी गुंतागुंतीची, वगैरे. लेकीच्या रंगीत सबटायटलांचं गणित इथे सुटतं. तिची एएसएस प्रकारची असतात, मजकूरच, पण त्यात रंग, जागा, फाँट सगळं लिहिलेलं. टीव्हीच्या ॲपला ते जमत नसेल तर साध्या पांढऱ्या ओळी येतात, आणि 'आई, पाटीवर काय लिहिलंय ते कळतच नाही' सुरू होतं. तिच्या खात्यात छापायचा पर्याय, बाबांच्या खात्यात, मराठी सबटायटलं सोडली तर, आपोआपचा. दुसरा उपाय जास्त टिकाऊ: सबटायटल एडिट नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्रांची सबटायटलं ओळखून त्यांची एसआरटी करून घ्या. इंग्रजीला हे छान जमतं. देवनागरीत काना-मात्रा हाताने तपासाव्या लागतात.

देवनागरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ही माहिती एका जागी मिळत नाही. एसआरटी फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपातच जतन करा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर टीव्हीवर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि त्यात सर्व्हरचा काही दोष नाही. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवायचं आणि शेवटच्या टिंबाआधी मराठीचा 'एमआर' हा दोन अक्षरी संकेत रोमनमध्ये घालायचा, म्हणजे जेलिफिन यादीत ती 'मराठी' म्हणून दाखवतो आणि बाबांना चारपाच अनोळखी नावांतून निवड करावी लागत नाही.

त्यापुढची गंमत अशी, की काही टीव्हींच्या स्वतःच्या प्लेअरना देवनागरी जुळवताच येत नाही. जोडाक्षरांचे तुकडे पडतात, हलन्त लोंबकळतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते. आमच्या टीव्हीवर 'स्थिती' अशी काही दिसायची की वाचणाऱ्याचीच स्थिती बिघडावी. मजकूर सर्व्हरवर छापून पाठवला तर मात्र अक्षरं नीट जुळतात, कारण छापण्याचं काम जी लिबास नावाची लायब्ररी करते तिला भारतीय लिप्यांची जुळणी कळते. सर्व्हरवर देवनागरी फाँट असायला हवा एवढीच अट, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. लिनक्सवर नोटो मालिकेतला देवनागरी फाँट टाकून घ्या. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायची सोय) चालवत असाल तर तो त्या डब्याच्या आतल्या प्रणालीला दिसला पाहिजे. म्हणजे बघा: वर ज्या छपाईला मी नावं ठेवली तीच इथे कामाला येते. मराठी सबटायटलांसाठी आमच्याकडे छपाई मुद्दाम चालू आहे.

एवढा खटाटोप टेपांसाठी. मिनी-डीव्ही टेपा फायरवायरमधून कॉम्प्युटरवर उतरवल्या, की तासाला साधारण १३ जीबीची फाइल होते. चित्र ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विभागलेली: आधी एका आड एक ओळी, मग उरलेल्या. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला हेच हवं असायचं. आजच्या सपाट पडद्यावर हलणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. शिवाय डीव्ही हा कोडेक आजचे टीव्ही ओळखत नाहीत. डॅशबोर्डवर तेव्हा दोन कारणं एकाखाली एक येतात: व्हिडिओ कोडेक चालत नाही, इंटरलेस्ड व्हिडिओ चालत नाही.

जेलिफिन हे चालता चालता दुरुस्त करू शकतो. सेटिंगमध्ये ओळी जुळवण्याच्या दोन पद्धती आहेत, याडिफ आणि बीडब्ल्यूडिफ, आणि फ्रेमचा वेग दुप्पट करायचा पर्याय आहे. तो दुप्पट पर्याय घ्याच. दोन अर्ध्यांमधली हालचाल वेगळी असते. त्यांची एकच फ्रेम केली तर चालणारा माणूस किंचित धक्के खात चालतो, ५० फ्रेम केल्या तर टेपेवर होता तसा सहज चालतो. पण माझा सल्ला, हे दर वेळी सर्व्हरकडून करून घेऊ नका. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत प्रोग्रॅमने एकदाच ५० फ्रेमची, टीव्हींना समजणाऱ्या एच.२६४ प्रकारची फाइल बनवून टाका आणि मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. सबटायटल छापायचं नसेल तर बदललेली फाइल डायरेक्ट प्ले होते, पुढे-मागे करताना थांबत नाही. डीव्हीचे पिक्सेल चौकोनी नसतात, तेव्हा फाइल बनवताना चार-तीनचं प्रमाण नोंदवलं जातंय ना ते पाहा, नाहीतर टेपेतली सगळी मंडळी अंगाने जाड नाहीतर लुकडी दिसतात.

या टेपांना मी मराठी सबटायटलं स्वतः लिहिते. वीस वर्षांपूर्वीचा खोलीतला गलका, त्यात पंख्याचा आवाज, त्यात एकाच वेळी बोलणारी चार माणसं. बाबांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, नुसते चेहरे बघायचे. आता कोण काय बोलतंय ते वाचतात आणि 'हे मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून वाद घालतात.

ग्राफिक्स चिपबद्दल. चित्र बदलायची वेळ येणारच असेल तर ते काम प्रोसेसरऐवजी चिपकडे द्या. इंटेलमध्ये दहा बिटांचा एचईव्हीसी (फोर-के फाइलींत भेटणारा व्हिडिओ कोडेक) सातव्या पिढीपासून चिपवर नीट हाताळला जातो. एव्ही१ हा नवा कोडेक उलगडायचा असेल तर अकरावी पिढी किंवा पुढची लागते. रास्पबेरी पाय ५ या चिमुकल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवायचा विचार असेल तर लक्षात घ्या, त्यात व्हिडिओ बांधणारं हार्डवेअरच नाही. डायरेक्ट प्लेला तो चालेल, दुभाषेगिरीला नाही. लिनक्सवर जेलिफिनच्या वापरकर्त्याला रेंडर गटात, म्हणजे ग्राफिक्स चिप वापरायची मुभा असलेल्या गटात, घालावं लागतं. ते राहिलं तर सेटिंगमध्ये सगळं चालू दिसतं आणि प्रत्यक्षात व्हिडिओ सुरूच होत नाही.

चिप काम करतेय की नाही हे ओळखायला लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, बघा. प्रत्येक रूपांतराची एफएफएमपेगची वेगळी लॉग फाइल बनते आणि डॅशबोर्डमधूनच उघडता येते. शेवटच्या ओळींत स्पीड म्हणून आकडा असतो. तो १ च्या खाली असेल, समजा ०.८, तर सर्व्हर तुमच्या बघण्यापेक्षा हळू काम करतोय आणि चित्र अडकणं अटळ आहे. वाय-फायचा त्यात संबंध नाही. आकडा ३-४ असेल आणि तरीही अडकत असेल, तर मग जाळ्याकडे वळा. हा एक आकडा बघायची सवय लागली की रात्री राउटरभोवती प्रदक्षिणा घालणं बंद होतं.

जाळ्याबद्दल फार काही नाही. बऱ्याच टीव्हींचं केबलचं पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं आणि फोर-के ब्लू-रेचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणून जड फाइल केबलवर अडकते आणि पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालते असा उलटा प्रकार घडतो. बाकी सगळ्यांसाठी केबलच बरी. ॲपमधली गुणवत्तेची मर्यादाही तपासा. कुणी कधीतरी ती खाली आणून ठेवलेली असते आणि मग चांगल्या जाळ्यावरही सर्व्हर इमानेइतबारे चित्र खराब करून पाठवत राहतो. डॅशबोर्डवर याचं कारण 'बिटरेट मर्यादेबाहेर' असं येतं.

आता वजा बाजू. टीव्हीगणिक ॲप वेगळं आणि त्यांची तयारीही कमी-जास्त. एकावर आहे ती सोय दुसऱ्यावर असेलच असं नाही. तुमचा टीव्ही नाठाळ असेल तर त्याला अँड्रॉइड टीव्हीचा डबा लावणं हाच शहाणपणा, आमच्या मोठ्या खोलीत अखेर तेच केलं. घराबाहेरून बघायचं असेल तर जेलिफिन मधला कुठला दलाल देत नाही, व्हीपीएन (घरापर्यंतची सुरक्षित खाजगी जोडणी) वगैरे तुमचं तुम्ही बांधा. पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडून ठेवू नका. व्हिडिओ दुसऱ्या यंत्रावरच्या, जाळ्यावर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतील तर नवी फाइल टाकल्याचं सर्व्हरला लगेच कळत नाही, ठरावीक वेळी लायब्ररी तपासायला लावावी लागते. आणि तात्पुरत्या रूपांतरांचा फोल्डर छोट्या डिस्कवर असेल तर ती भरते आणि मग सगळंच थांबतं. जुने तुकडे पुसण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.

ज्यांना काही उघडून बघायचंच नाही, डबा लावला की चाललाच पाहिजे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना कारण कळलं तर ते दूर करायची खुमखुमी आहे, त्यांच्यासाठी मला याहून बरा सर्व्हर माहीत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण टीव्हीच्या ॲपांपायी कापला.

मोठी आवृत्ती चढवताना डेटाबेसची रचना बदलू शकते आणि मग जुन्या आवृत्तीवर परत फिरता येत नाही, तेव्हा आधी सेटिंगच्या आणि डेटाच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. लायब्ररी मोठी असेल तर हे बदलायला बराच वेळही लागतो. आमच्याकडे हे काम बाबा फिरायला बाहेर पडले की मगच सुरू होतं.